आवर घालणाऱ्या पेशी

मैथिलीने मिसळीची दुसरी वाटी पुढे ओढली. समोर तिच्या थोरल्या बहिणीने, शर्मिष्ठाने, पेजेचा घोट कसाबसा गिळला. पोटात पुन्हा कळ उठली होती.

मैथिलीच्या आतड्यावर तिच्याच पांढऱ्या पेशी तुटून पडायच्या. रक्त पडून पडून ती पार वाळून गेली होती. त्या पेशींना आवर घालणाऱ्या पेशी शर्मिष्ठाने स्वतःच्या अंगातून काढून तिला दिल्या. तुमच्यात त्या पुन्हा तयार होतील, असं डॉक्टर म्हणाले होते. मैथिली बरी झाली. शर्मिष्ठाच्या पेशी मात्र परत आल्याच नाहीत, आणि आता तिचं आतडं सोलून निघू लागलं होतं.

"त्यातल्या थोड्या पेशी मला परत देशील का गं?" तिने आज धीर करून विचारलं. "डॉक्टर म्हणतात, अजून जमेल."

मैथिलीचा चमचा थांबला. "आणि मला पुन्हा सुरू झालं तर? ताई, ते दुखणं काय असतं, तुला नाही कळायचं!"

टेबलाची कड धरून शर्मिष्ठा उठली आणि भिंतीच्या आधाराने संडासाकडे निघाली. तिच्या मागे चमचा पुन्हा वाजू लागला.