बाजूचा ब्रेक

डॉक्टरांनी रिपोर्टचं पाकीट उघडलं आणि मास्तरांनी ब्रेक दाबला.

खाली ब्रेक नव्हता. बायकोची चप्पल होती, आणि चपलेत बायको होती.

"आई गं!"

"छातीत दुखतंय?" डॉक्टरांनी लगेच विचारलं.

"नाही हो, अंगठ्यात."

मास्तरांचा उभा जन्म गाडी शिकणाऱ्यांच्या शेजारी बसून गेला होता. त्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याचा. त्यामुळे समोर काही भयंकर दिसलं की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली जाई. सिनेमा बघताना, दाढी करून घेताना, मुलीच्या परीक्षेच्या निकालाला. हल्ली तर झोपेतही जात होता.

बायकोच्या फुप्फुसात गाठ निघाली होती. तिनं आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती. मास्तरांनी ओढली होती, तिच्या वाटची धरून. पुढे बंद केली. पण घरात सोडलेला इतका धूर नंतर कुठे जातो, हे त्यांनी तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं.

गाठीचा तुकडा तपासणीला गेला होता. कॅन्सर आहे एवढं कळून भागत नाही, त्याच्या पेशीत नेमकं काय बिघडलंय ते कळलं तर औषध त्यावर बेतता येतं, तोवर घाई नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. 'घाई नको, घाई नको' म्हणून गावभर ओरडत फिरलेले मास्तर मग रोज लॅबला फोन करून 'घाई करा' म्हणून ओरडू लागले. शेवटी लॅबमधली मुलगी आवाज ओळखून आधीच सांगायची, "काका, अजून नाही. जेवलात का?"

"सापडलं," डॉक्टर म्हणाल्या. "पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारं एक जनुक असतं, ते बिघडलंय. समजा, अ‍ॅक्सिलरेटर खाली अडकलाय. नेमक्या याच बिघाडावर चालणारी गोळी आहे. रोज एक घ्यायची. सध्या केमो नको."

"म्हणजे ब्रेक," मास्तर म्हणाले.

"ब्रेकच."

"थांबेल?"

"बऱ्याच जणांची थांबते. काहींची मागेही येते, गाठ लहान होते. पण कायमची थांबेल असा शब्द मी देणार नाही. स्कॅन करून बघत राहायचं."

'मागे' ऐकून मास्तर जरा हबकले. त्यांच्या अनुभवात रिव्हर्स कुणालाच धड जमत नसे.

मग त्यांनी घसा साफ केला. पुढचं वाक्य ते घरून आरशासमोर पाठ करून आले होते.

"आणि डॉक्टर, हे माझ्या..."

उरलेलं आरशातच राहिलं होतं.

"यांच्या सिगारेटमुळे झालं का, असं विचारतायत," बायकोनं वाक्य पूर्ण केलं.

"हा बिघाड जास्त करून कधीच सिगारेट न ओढलेल्यांमध्ये सापडतो," डॉक्टर म्हणाल्या. "धुराचा काहीच हात नाही, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. पण या रिपोर्टवरून तरी तुमच्यावर आळ घेता येणार नाही, मास्तर."

"अरेरे," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली.

"रोज भांडी घासत होते हो. आता कुठे हात बसला होता."

हसू नये म्हणून डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

गाडीपाशी येऊन मास्तर तिच्याकडे वळले. गाडीच्या टपावर लाल 'एल'ची पाटी होती.

"एकदा तरी म्हणायचंस, की तुमच्यामुळे नाही म्हणून."

"तुमच्यामुळे झालं असं तरी मी कधी म्हटलं?"

"नाही म्हटलंस. पण भांडी घासू दिलीस."

"मग काय करणार? तुम्हाला रडायला कुठेतरी जागा हवी होती." तिनं पदरानं टपावरची धूळ उगाचच पुसली. "नळ सोडला की बाहेर ऐकू येत नाही, असं वाटायचं ना?"

मास्तरांनी खिशातून किल्ली काढली.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

लग्नानंतर एकदाच तिनं गाडी शिकायला घेतली होती. त्या दिवशी मास्तरांनी इतक्या वेळा ब्रेक दाबला की ती भर रस्त्यात गाडी सोडून घरी चालत गेली होती. गावातले निम्मे ड्रायव्हर मास्तरांच्या हातचे. मास्तरीणबाई मात्र कायम मागच्या सीटवर.

"आत्ता? अगं, तुझा श्वास..."

"गेटपर्यंतच. श्वास गाडीनं घ्यायचाय, मी बसूनच आहे."

ती बसली. मास्तर शेजारी बसले. पाय आपल्या जागी गेला.

"पाय काढा."

"नुसता ठेवलाय गं. दाबणार नाही."

"ओळखते मी त्याला. अंगठा अजून ठणकतोय माझा."

मास्तरांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली. वरून पट्टा लावला. ताट यायची वाट बघत बसल्यासारखे दिसत होते.

गाडीनं उचकी दिली, बंद पडली, पुन्हा उचकी दिली आणि निघाली. गेटवरच्या रखवालदारानं पाटी बघितली, दांडा वेळेआधीच वर केला आणि स्वतः केबिनच्या मागे जाऊन उभा राहिला. डाव्या हाताचा खांब हळूहळू जवळ येऊ लागला. मांडीखाली मास्तरांचा पाय वळवळला. त्यांनी अंगठा मुठीत घट्ट धरला.

"अहो, बोला ना काहीतरी! आता काय करू?"

"चालू दे," मास्तर म्हणाले.