दोरीवरचे शर्ट

“सोबत कोण आहे?”

दार साखळीपुरतंच उघडलं होतं. फटीतून चष्म्याची एक काच, तिच्यामागचा डोळा आणि आतल्या दिव्याचा पट्टा, एवढंच दिसत होतं.

“हे येतायत मागून,” बाहेरून ती म्हणाली. “पाय मुरगळलाय, म्हणून हळू चालतायत. रात्रीपुरता कुठलाही कोपरा चालेल, ताई.”

वाक्य आता सराईत झालं होतं. पूल वाहून गेला तेव्हापासून गाड्या बंद होत्या, आणि डोंगरापलीकडे बहिणीच्या गावी कपड्यांच्या कारखान्यातली शिवणकामाची जागा तिच्यासाठी फार दिवस रिकामी राहणार नव्हती. म्हणून ती लेकीला घेऊन पायीच निघाली होती. चालण्याचं काही नव्हतं. पाय दुखतात, झोपलं की राहतात. पण ऊन उतरायला लागलं की धास्ती सुरू व्हायची. आज कुठे? कधी शाळेचा व्हरांडा, कधी गिरणीमागची खोली, एकदा तर कुणाच्या तरी कोंबड्यांच्या शेजारी. एकटी बाई पोरीला घेऊन निघालीय, हे कुणाला कळता कामा नये. त्यासाठी निघायच्या आदल्या दिवशी तिने पुरुषी चपला विकत घेतल्या होत्या. दुकानदाराने माप विचारलं तर म्हणाली, “असेल त्यातलं सगळ्यात मोठं.” जिथे झोपायचं तिथे दाराबाहेर त्या चपला मांडून ठेवायच्या, हे लेकीचं काम. ती एवढीशी होती, टिचकीच म्हणायचे सगळे तिला, पण या कामात तिने कधी चूक केली नव्हती.

फटीतला डोळा पिशवीला बांधलेल्या भल्यामोठ्या चपलांवर गेला आणि तिथेच थबकला.

“पुरुषमाणूस असेल तर नको बाई. नुसत्या मायलेकी असतात तर कोपरा काय, खाट दिली असती. पुढे बघा.”

पुढे बघण्यासारखं काही नव्हतं. रस्ता, झाडी आणि उतरत चाललेला उजेड. मागचं घर केव्हाच मागे पडलं होतं, आणि तिथल्यांनी अंगावर कुत्रं सोडलं होतं.

अहो, आम्ही दोघीच आहोत. अगदी जिभेवर आलं होतं. पण अंगणातल्या दोरीवर पुरुषाचे शर्ट वाळत होते. ओळीने चार. असले रुंद, की एकात ती आणि टिचकी दोघी मावल्या असत्या.

“घरात कोण कोण असतं, ताई?”

“आमचे हे आहेत की! आत झोपलेत.” बाईंनी आवाज चढवला, आत ऐकू जावा तसा. “मध्येच जाग आली की फार चिडतात.”

म्हणजे झालं. खरं बोलावं तर दार उघडणार, आणि आत तो शर्टांएवढा माणूस. हिच्यामागे कुणी नाही, हे माहीत झालेला. खोटं धरून बसावं तर दार बंद आणि रात्र झाडाखाली.

“आई, इथे ठेवू का चपला?” टिचकीने हळूच विचारलं.

“थांब गं जरा.”

“निघा बाई, अंधार पडतोय,” बाई आतून म्हणाल्या. पण दार काही लागलं नाही. चष्म्यामागचा डोळा टिचकीच्या धुळीने भरलेल्या पावलांवरून हलत नव्हता.

तेवढ्यात वारा सुटला. दोरीच्या टोकाचा शर्ट चिमट्यांसकट निसटला आणि कुंपणाच्या काट्यांत जाऊन अडकला. कुणाचा का असेना, धुतलेला कपडा मातीत जाताना बघवत नाही. पाठीवरच्या ओझ्यासकट ती धावली. शर्ट सोडवला, झटकला, घडी घालायला म्हणून कॉलर बोटांत धरली.

बोटं तिथेच थांबली. झिजलेल्या कॉलरी उलटवून शिवण्यात तिची वर्षं गेली होती. पुरुषाचा शर्ट आधी जातो तो मानेशी. या कॉलरला घामाची पुसट रेघसुद्धा नव्हती. काजं अजून करकरीत, बटण जेमतेम शिरेल अशी. खांदे मात्र उन्हाने पार विटलेले. मूळचा निळा रंग उरला होता तो चिमट्यांखाली, दोन ठिपक्यांएवढा. आणि दिवे लागले तरी हे शर्ट कुणी आत घेतले नव्हते.

ती दाराशी आली. शर्ट फटीतून आत दिला.

“ताई,” ती म्हणाली, “तुमचे हे शर्ट कधी अंगात घालतच नाहीत का हो?”

आतला हात शर्टावर तसाच राहिला. चष्म्यामागचा डोळा घाबरला होता. ती भीती तिच्या चांगल्या ओळखीची होती. रोज ऊन उतरताना तिलाच वाटायची, तीच.

मग तिने पिशवीला बांधलेल्या चपला सोडल्या, उलट्या केल्या आणि त्यांचे तळ दिव्याच्या पट्ट्यात धरले. एकावर दुकानातली किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

बाईंनी वाकून ती चिठ्ठी वाचली. मग आतून फिस्सकन हसू आलं.

“अगं मेले, ही तरी खरवडून काढायचीस!”

साखळी खळकन पडली. आत एकच खुर्ची होती. एकच पेला. खाटेवर एकच उशी. आणि झोपलेलं कुणीही नव्हतं.

“मीसुद्धा दुकानात सगळ्यात मोठाच मागितला होता,” बाई चपलांच्या मापाकडे बघत म्हणाल्या, आणि तोच शर्ट घेऊन बाहेर आल्या. दाराशेजारच्या खिळ्याला त्यांनी तो रस्त्यावरून दिसेल असा अडकवला.

“मावशी, चपला कुठे ठेवू?”

“इथे, बाळा. बरोब्बर याच्या खाली.”

टिचकीने चपला जोडीने मांडल्या. बाई दोन पावलं मागे सरल्या आणि मान वाकडी करून वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या,

“चला, दोघींचा मिळून एक पुरुषमाणूस तरी पुरा झाला.”