दर ओळीला दोन टाके

"बाबा, शाल किती राहिली?" मुलीने दारातूनच विचारलं.

बाबा दचकले. चोराच्या मनात चांदणं. "झालीच की, चार-दोन ओळी," ते म्हणाले. गेला महिनाभर रोज चार-दोनच राहत होत्या.

"सावकाश होऊ दे," म्हणत ती आत गेली. गुणाची पोर, बाबांना वाटलं, आणि ते आणखीच ओशाळले.

तीस वर्षं बस चालवलेला माणूस. निवृत्तीनंतर बोटं आखडली म्हणून डॉक्टरांनी सुया-लोकर हातात दिली, तर गडी त्यातही तरबेज झाला. मुलगी गणिताच्या शिकवण्या घ्यायची. तिला परगावच्या कॉलेजात नोकरी लागली, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी तिकोनी शाल विणायला घेतली. वीण तिनेच निवडली. टोकाला तीन टाके, मग दर ओळीला दोन वाढवायचे: पाच, सात, नऊ. "शाल पूर्ण झाली की निघते," ती म्हणाली होती. त्यापायी दोनदा तिने रुजू व्हायची तारीख पुढे ढकलली. येत्या सोमवारी हजर झाली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

खरं तर शंभराव्या ओळीलाच तिचे खांदे झाकले गेले होते. पण तिची आई गेल्यापासून घरात दोघंच. बाबा मुकाट्याने विणत राहिले.

आज दीडशेवी ओळ संपली. तीनशे एक टाके सुईवर गर्दीच्या बसमधल्यासारखे दाटीवाटीने उभे होते. बाबांनी तिला हाक मारली.

"बाळा, मी फसवलं तुला. ही केव्हाच झाली होती. या विणीला शेवटचा थांबाच नाही गं. थांबाल तिथे शाल पूर्ण, नाही थांबलात तर जन्मभर चालेल. ब्रेक विणणाऱ्यानेच मारायचा. माझा पायच उचलेना."

त्यांनी एकेक टाका बंद केला. ती शेजारी बसून राहिली. शेवटी तिनेच कात्री घेऊन धागा कापला आणि शाल अंगभर लपेटून घेतली. तिचे डोळे भरले होते.

"बाबा, दरवेळी दोनाने वाढणाऱ्या संख्यांची बेरीज कुठेच थांबत नाही, हे मी पोरांना दर वर्षी शिकवते," ती म्हणाली. "म्हणून तर हीच वीण निवडली होती मी."