गाणं संपायच्या आत

पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या नाचणगावच्या उज्ज्वलाचा नेम ठरलेला होता: कानात आवडतं गाणं लावायचं, कडुलिंबापासून सुटायचं आणि गाणं संपायच्या आत कालव्याचा पूल गाठायचा. आणि रोज गाठायचीही. फक्त वळणावरच्या खोलगटात रेंज जायची, गाणं अडकायचं आणि तिचं डोकं फिरायचं. म्हणून आज तिनं ते घरीच डाऊनलोड करून आणलं. गाणं कुठंच अडकलं नाही. पण पूल दूर असतानाच संपलं. ती धापा टाकत उभी राहिली. रस्त्यालगतच्या वावरात वांग्यांना पाणी देणाऱ्या बाबांनी विचारलं, “काऊन वं, आज मागं राह्यली?” “आजच नाई, बाबा. रोजच मागं राहत होती. वळणावर गाणं माह्यासाठी थांबत होतं.” “मंग पहिल्यासारखंच लाव ना.” “भरतीत कोण कोणासाठी थांबते?” तिनं बुटाची नाडी करकचून आवळली, गाणं सुरुवातीला आणलं आणि कडुलिंबाकडे परतली, तीही धावतच.