लानीची आई

"आता काय म्हनती ती?" आक्काबाईनं विचारलं.

मोबाईलच्या पडद्यावर लान्यिंग नावाची वैद्याची पोर राजवाड्याच्या पायऱ्यांवर उभी होती आणि खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. औषधाची पेटी मी स्वतःच उचलेन, असं काहीतरी होतं. प्रज्ञानं घसा खाकरला आणि वाचलं, "म्हणते, आईला एकटं टाकून राजधानीला कशी जाऊ?"

खोटं, धडधडीत खोटं. त्या मालिकेत लान्यिंगला, म्हणजे या दोघींच्या लानीला, आईच नव्हती. पहिल्याच भागात बिचारी तापानं गेली होती. पण नेमकं तेव्हाच नळाला पाणी आलं म्हणून आक्काबाई उठली होती, आणि ते आता प्रज्ञाच्या पथ्यावर पडलं होतं. लानीची एक म्हातारी मोलकरीण होती, तिलाच प्रज्ञानं आई करून टाकलं.

या चिनी मालिकांचं वेड घरात आणलं ते प्रज्ञानंच. संगमनेरातल्या मेडिकल दुकानातून ती घरी आली की दिवेलागणीला मायलेकी पलंगावर भिंतीला टेकून बसायच्या. हिंदी आवाज घातलेलं प्रज्ञाला खपायचं नाही. भला तलवारबहाद्दर सरदार एकदम टूथपेस्टच्या जाहिरातीतल्यासारखा बोलायला लागतो, म्हणायची. मूळ चिनीच ऐकायचं, खालचं इंग्रजी वाचायचं. आक्काबाईला मराठी अक्षर लावून वाचता यायचं, इंग्रजीचा गंध नव्हता. म्हणून लेक वाचून सांगायची आणि आई तोंडाचा आ करून ऐकायची. कोणी मेलं की डोळ्यांना पदर लावायची आणि राणीला मनसोक्त शिव्या घालायची. पुढच्या भागासाठी तर तिचा जीव नुसता कासावीस व्हायचा.

पण सध्या जीव थाऱ्यावर नव्हता तो प्रज्ञाचा. हैदराबादच्या एका औषध कंपनीनं तिला बोलावलं होतं. सोमवारी हो की नाही ते सांगायचं होतं. जन्मभर काउंटरमागं उभं राहायचं नसेल तर हीच संधी, हे तिला पक्कं कळत होतं. पण बाप गेल्यापासून घरात दोघीच. विचारलं तर आई जा म्हणेल आणि मोरीत जाऊन रडेल. नाहीतर नको म्हणेल, आणि मग आपण कायम तिच्यावर दात धरू. समोरासमोर तोंडच उघडत नव्हतं. म्हणून हे लानीच्या आडून विचारणं चाललं होतं.

गल्लीतले उत्तमराव, दूध संघातून निवृत्त झालेले विधुर, येता-जाता म्हणायचे की पोरीनं बाहेर पडावं, इथं काय ठेवलंय. यांचं काय जातंय बोलायला, म्हणून प्रज्ञा मनातल्या मनात चरफडायची.

गेल्या आठवड्यात तर तिनं कमालच केली. पडद्यावर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा चहात विष कालवत होता. राणीचा हेर, पक्का बदमाश. प्रज्ञानं बेधडक सांगून टाकलं, की हे शेजारचे बाबा. यांची बायको वारलीय. लानी गेली तरी मी आहे, तिच्या आईला काही कमी पडू देणार नाही, असं म्हणताहेत. आईला तेवढाच आधार दिसावा, एवढाच तिचा हेतू.

आक्काबाईनं उगाच साडीच्या निऱ्या सारख्या करत विचारलं, "लोक नावं न्हाई ठेवत?"

"ठेवतात की."

"मंग पोरगी काय म्हनती?"

प्रज्ञानं याचा विचारच केला नव्हता. तिच्या डोक्यात नुसतं हैदराबाद. सुचेल ते बोलली. "म्हणते, ठेवू देत. लोक काय आपल्याला जेवायला घालत नाहीत. आई सुखात असली की झालं."

आक्काबाई ताडकन उठली आणि दूध उतू जाईल म्हणत स्वयंपाकघरात गेली. गॅस बंदच होता.

तेव्हापासून तिचं चित्त कशातच नव्हतं. भाजी दोनदा खारट झाली. भांडं हातात धरून नुसती उभी राहायची. दुपारी शेजारच्या रंगूबाईकडं जाऊन बसायची, ती सांज होईपर्यंत. तिला कळलंय, आणि तिला सोसत नाहीये, असं प्रज्ञानं ओळखलं. अपराध्यासारखं वाटून तिची झोपच उडाली. दुकानात मालकानं हाका मारल्या तरी ऐकू येईना.

आज रविवार होता. आज नाही तर कधीच नाही.

"आता म्हणते," प्रज्ञानं पडद्याकडंच बघत म्हटलं, "आई, मी जाऊ का?"

पडद्यावर त्या वेळी कोणी बोलतच नव्हतं. नुसता घोडा पळत होता.

आक्काबाईनं मोबाईल तिच्या हातातून काढून घेतला आणि उशीवर पालथा घातला.

"त्या पोरीला आई न्हाई," ती म्हणाली. "आन तो म्हातारा इष घालतो. रंगूबाईकडं हिंदीत समदी बघून झाली माझी. मला दम निघत न्हाई, तुला ठावं हाय."

आई, मी तुला सांगणारच होते, एवढं प्रज्ञा कशीबशी पुटपुटली.

"तू नको बोलू. बोलायचं मीच हुतं, पर धीरच हुईना." आक्काबाईनं पदर तोंडाशी धरला. तिची नजर वर येईना. "तू त्या म्हाताऱ्याला लानीच्या दारात आनून बसवलंस, तवाच मी वळखलं की तुला समदं कळलंय. नावं ठेवू देत म्हनलीस, तवा कुठं माझ्या जिवात जीव आला. काल उत्तमरावांना मी व्हय म्हनून टाकलं."