चंपाचा पट्टा

हातातला घास ताटात तसाच टाकून अनंताने डोळे मिटले. "आली! चंपा किनाऱ्याला लागली," तो म्हणाला.

कुमुदच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नापासून तिला नुसतं 'अगं' म्हणणाऱ्या या माणसाने समुद्रातल्या कासविणीला मात्र कौतुकाने नाव दिलं होतं. चंपाच्या पाठीवरची चिप तिचा शीण, तिच्या वेदना अनंताच्या मनगटावरच्या पट्ट्यात आणून सोडायची. तिथून त्या देवळाच्या सभामंडपात पट्टे बांधून बसलेल्या पर्यटकांपर्यंत जायच्या. विणीच्या दिवसांत किनाऱ्यावर माणसाने पाऊल टाकायचं नाही, असा अलीकडे कायदाच झाला होता.

अनंता पट्टा काढून हात धुवायला गेला. कुमुदने तो झटकन आपल्या मनगटावर चढवला. पट्ट्यावर एक लाल बटण होतं. कुत्री आली तर ते दाबायचं, की कासवीण पाण्यात माघारी फिरायची. जाऊ दे सटवीला परत! कुमुदने बटणावर अंगठा टेकवला.

तेवढ्यात तिच्या कमरेतून वेदना उठली. ओळखीची, सोनूच्या जन्माच्या वेळची. तेव्हा अनंता किनाऱ्यावर कासवं राखत बसला होता.

तिने अंगठा उचलला आणि सभामंडपाची जोडणी बंद करून टाकली.

"अगं, पट्टा दे! पाहुणे खोळंबलेत," अनंता दारातून ओरडला.

"बाळंतिणीच्या खोलीत परकी माणसं बसवतात होय?" ती कंबर धरून म्हणाली. "आणि तुम्हीही बाहेरच थांबा. तुम्हाला सवय आहे."