रात्रीचा आकडा

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दुसऱ्यांदा वाचला. मग चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचला.

"सकाळचा आकडा ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण रात्रीचाही तेवढाच आहे. तो खाली यायला हवा होता."

समोर तिघं बसली होती. बबडीचा बाप, बापाची थोरली बहीण आणि बापाची दुसरी बायको, नवी. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी नातेवाइकांत तिचं नाव 'नवी'च राहिलं होतं. नऊ वर्षांची बबडी बाहेरच्या बाकावर होती. ती कंपाउंडरला कोडी घालत होती आणि तो हरला की खदखदून हसत होती. डॉक्टरबाई एकदा दाराकडे बघत, एकदा कागदाकडे. दोन्हींचा मेळ बसत नव्हता.

सगळं वजनापासून सुरू झालं होतं. दीड वर्षात बबडी अंगाने भरली. हातपाय बारीकच राहिले, पोट मात्र सुटलं. शाळेचा स्कर्ट उसवून सैल करावा लागला. डबा छोटा केला, बिस्किटं वरच्या फळीवर गेली, संध्याकाळचं पळणं सुरू झालं. फरक पडेना. डॉक्टरबाईंनी तिला यंत्रावर उभं करून चरबी किती, स्नायू किती ते मोजलं. चरबी वयाच्या मानाने जास्त निघाली. तेव्हा त्यांनी समजावलं होतं की मूल बरेच दिवस दडपणाखाली असलं तर शरीरात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक चढून राहतं. सकाळी ते जास्त असतं, रात्री उतरतं. ते उतरलं नाही तर चरबी पोटावर साठत जाते. थुंकीवरून ते कळतं. एक कापसाची गुंडाळी सकाळी उठल्या उठल्या चघळायची, एक रात्री झोपताना, आणि आपापल्या नळीत टाकायची.

त्या दिवशी 'दडपण' हा शब्द ऐकून आत्याने नवीकडे पाहिलं होतं. नुसतं पाहिलं.

आत्या वाईट नव्हती. बबडीची आई गेली तेव्हा पोरीला तिनेच पदराखाली घेतलं होतं. आजही ती भांडायला आली नव्हती. आवाज न चढवता ती म्हणाली की आता सुट्टी लागायची वाट बघायला नको, बबडीला मी घेऊन जाते, माझ्या घराजवळही शाळा आहे. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. बिघाड सापडल्याशिवाय तो कशाला हात लावत नसे, आणि इथे बिघाड कुठे आहे तेच त्याला कळत नव्हतं. तो बोटं मोडत बसला.

डॉक्टरबाई म्हणाल्या की एवढ्यात काही ठरवू नका, आधी रक्त तपासू, पोटाचा स्कॅन करू. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"खरं सांगा. घरी हिला कुणाचा धाक आहे का?"

आत्याने पुन्हा नवीकडे पाहिलं.

सगळ्यांत जास्त गोंधळली होती नवी. कारण रात्रीची थुंकी बबडीची नव्हतीच. ती नवीची होती.

त्या रात्री नळी हातात घेऊन ती उभी राहिली. पोरीच्या थुंकीतूनच आपल्याविरुद्ध साक्ष निघाली तर? आपण ओरडत नाही, हात उगारत नाही. पण आपल्याही नकळत आपलं काही तिला टोचत असेल तर? तिने कापूस स्वतःच्या तोंडात घातला. आपल्याला काय धाड भरलीये, असं तिला वाटलं होतं. चष्म्याच्या दुकानातली नोकरी बरी चालली होती. नवरा भला होता. ती अंगाने सुटलीही होती, आणि लग्न मानवलं हो, असं सगळे म्हणायचे. आकडा सरळच येणार होता. मग हा वाकडा आकडा आला कुठून? नळ्यांची अदलाबदल झाली असेल का? यंत्र चुकलं असेल का? तिचं डोकं चालेना.

गप्प राहिलं तर पोरीला सुया टोचणार, शिवाय तिचं घरही सुटणार. बोललं तर आत्याच्या हाती कोलीतच मिळणार.

"रात्रीची ती थुंकी माझी आहे," नवी म्हणाली.

बापाची बोटं थांबली. आत्या तिच्याकडे बघतच राहिली. मान खाली घालून नवीने सगळं सांगून टाकलं. मी घाबरले, माझं चुकलं, तिला उगाच सुया टोचू नका. ताईंना तिला न्यायचं असेल तर नेऊ दे, पण माझ्या आकड्यावरून नको.

डॉक्टरबाई आता फाडून खाणार, असं तिला वाटलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की मुलीने कापूस चघळायला नकार दिला होता का.

"नाही हो. मी नळी आणेपर्यंत ती झोपली होती. तिचं रोजचंच आहे. अंगावर पाय टाकते, शाळेतलं काहीतरी सांगायला लागते आणि अर्ध्या वाक्यात झोपते. मग गदागदा हलवलं तरी उठत नाही."

"कुणाच्या अंगावर?" आत्याने विचारलं.

"माझ्या."

आत्याने मांडीवरची पर्स उघडली, आत काहीच न शोधता पुन्हा बंद केली. त्यानंतर बबडीला घेऊन जायचं ती काही बोलली नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या की नियम म्हणून बबडीची थुंकी पुन्हा तपासू, पण स्कॅनची घाई नको. काही मुलं उंच व्हायच्या आधी अशी भरतात, तिच्या वजनाकडे सवडीने बघू. अर्ध्या वाक्यात झोपणाऱ्या पोरीची त्यांना फारशी काळजी वाटत नव्हती. त्यांनी नवा कोरा केसपेपर पुढे ओढला आणि खुर्ची नवीकडे वळवली.

"आता तुमचं सांगा," त्या म्हणाल्या. "ती झोपल्यावर तुम्ही किती वेळ जाग्या असता?"